ग्रहण आणि आईवरचा आळ

उर्दू पहिलीत 'बे' शिकवताना मुलं ओठ मिटतात, तोंडात हवा धरतात आणि सोडतात. माझ्या वर्गातली एक मुलगी 'बे' म्हणायला गेली की 'मे' निघायचं. बकरीची मकरी व्हायची आणि वर्ग हसायचा. तिच्या वरच्या ओठावर शिवणीची बारीक रेघ होती. ओठ लहानपणीच शिवला होता, पण टाळू तशीच दुभंगलेली राहिली होती. त्यामुळे हवा तोंडात न थांबता नाकातून निघून जायची.

पालकसभेला तिची आई आली. माहेर अकोल्याचं, सासर इथे अमरावतीत. मी उच्चाराचा विषय काढला, तोच ती म्हणाली, "सर, मैं गहन में कुछ नै काटी थी. अल्ला कसम."

मी तसं काही विचारलंच नव्हतं. पण सहा-सात वर्षं हा एकच प्रश्न ऐकून तिच्याजवळ उत्तर कायम तयार असायचं.

गरोदर बाईनं ग्रहणात चाकू, विळी, कात्री धरली तर बाळाचा ओठ फाटतो, हा समज आपल्या मोहल्ल्यात आहे तसाच शेजारच्या वस्तीतही आहे. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, तेव्हा आमच्याच नात्यातल्या एका गरोदर मुलीला बिछान्यावरून हलू दिलं नाही. नमाजी, शिकलेलं घर!

खरं तर निदान आपल्याला तरी हा समज शोभत नाही. प्रेषितांचे (स.) लहानगे पुत्र इब्राहीम वारले, त्या दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. ऐन दुःखातही प्रेषितांनी ते खोडून काढलं. कुणाच्या मरण्या-जगण्यामुळे सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, असं सांगून त्यांनी नमाज आणि दुआ करायला सांगितलं. कात्री लपवायला सांगितलं नाही.

आता शरीराचं गणित पाहू. बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतो. गर्भधारणेनंतर चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठ तयार होतो, सहाव्या ते नवव्या आठवड्यात टाळू. हे जुळणं अर्धवट राहिलं की दुभंग राहतो. ओठ जुळत असतो तेव्हा पुष्कळ बायकांना आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेलं नसतं. आणि पृथ्वीवर कुठे ना कुठे दर सहा महिन्यांच्या आसपास ग्रहण होतंच. म्हणजे नऊ महिन्यांत एखादं सापडणारच. आळ घ्यायचाच असला, तर तारीख नेहमीच मिळते.

मग कारण काय? एकच कारण नसतं. काही जनुकं आईकडून येतात, काही वडिलांकडून. आयआरएफ-6 हे त्यांतलं एक ओळखीचं जनुक. पण जनुकं म्हणजेच सारं काही नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला दुभंग असला, तर दुसऱ्यालाही तो साधारण निम्म्याच वेळा असतो. धूम्रपान, आईचा आधीपासूनचा मधुमेह, फिट्सवरची काही औषधं यांनीही धोका वाढतो. मात्र औषध मनानं बंद करू नये, डॉक्टरांना विचारूनच बदलावं. फॉलिक अॅसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून घ्यावी. मेंदू आणि पाठीच्या कण्याच्या दोषांसाठी तिचा फायदा सिद्ध आहे, दुभंगाबाबत पुरावा तितका पक्का नाही.

एक गोष्ट आपण आपसांत बोलली पाहिजे. चुलत, मावस, मामे, आते भावंडांत निकाह झाला की दोघांकडून तेच जनुक येण्याची शक्यता वाढते. अशा लग्नांत दुभंग जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत. आते-मामे भावंडांची लग्नं मराठी हिंदू घरांतही होतात. आपल्या धर्मात अशा निकाहाची इजाजत आहे, हुकूम नाही. घराण्यात आधी असं मूल झालं असेल, तर नातं पक्कं करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला काय हरकत आहे?

मी त्या बाईला एवढंच विचारलं, "दोन्ही घरांत आणखी कुणाला असं आहे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "इनके चाचा को है. मूंछ में दिखता नै."

घरात रोज समोर वावरणारी खूण कुणी मोजली नव्हती. विळी मात्र मोजली होती. म्हणून आता आळ चाचांवर ढकलायचा, असंही नाही. जनुकं कुणी निवडून घेत नाही.

ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूचं मूल बोलू लागण्याच्या सुमारास, दीड वर्षाच्या आत झालेलं बरं. उशीर झाला तरी ते करता येतं, पण नंतर उच्चारांचा सराव जास्त लागतो. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा उपचार मोफत आहे. शाळेत-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवावं, नाहीतर अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचारला जाऊन विचारावं.

निघताना तिनं विचारलं, "सर, ये सब आप घर आके अम्मी को बोलेंगे?" अम्मी म्हणजे सासू. ऑपरेशनबद्दल तिनं नंतर विचारलं.

रविवारी मी गेलो. चाचाही बसले होते. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बोलल्या काहीच नाहीत. उठताना मात्र म्हणाल्या, "इर्विन को कौन से दिन जाना?"