सीट मागे घेतली की आवाज जातो

संपादक मंडळाचा दरवर्षीप्रमाणे निरोप आला, "सर, दोन पाने द्या." दरवर्षी आम्ही शिस्तीवर नाहीतर वाचनाच्या सवयीवर लिहितो, आणि ती पाने किती जण वाचतात हेही आम्हांला ठाऊक आहे. यंदा आमच्या गाडीतल्या टेपविषयी लिहीत आहोत. मुले हसतील, हसू देत.

आमची १९९९ सालची मारुती ८०० पालकांना परिचयाची आहेच. डीएन-०९ नंबरची. ती फाटकातून आत आली की वर्ग आपोआप शांत होतात असे ऐकतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, ती तीनदा करून झाली. "सर, आता गाडी बदला" असे सांगणारे बरेच आहेत. पण तिच्यात कॅसेटचा टेप आहे, आणि घरातले बाकीचे टेप केव्हाच भंगारात गेले.

आमच्याकडे आईची एक कॅसेट आहे. आमचे सारे शिक्षण इंदूरला झाले, तेही हिंदी माध्यमातून. नोकरीसाठी सिल्वासाला आलो तेव्हा आई इंदूरलाच राहिली. मोतीबिंदूमुळे तिला पत्र लिहिणे जमेना, म्हणून १९९६ साली तिने बोलके पत्र पाठवले. घरात कोरी कॅसेट नव्हती. तिने गीतरामायणाची घेतली, वरच्या खाचांवर शेजारच्या मुलाकडून सेलोटेप चिकटवून घेतला आणि दुसरी बाजू पुसून तीवर स्वतः बोलली. एका बाजूला सुधीर फडके, दुसऱ्या बाजूला आमची आई! तीत ती म्हणते की, तू ज्या गावात आहेस त्या गावाच्या लढ्यात बाबूजी स्वतः होते, हे तुझ्या मुलांना सांग. खरेच आहे ते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून मुक्त झाले. त्या मोहिमेत फडके होते आणि लताबाईंनी तिच्या निधीसाठी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. गीतरामायण आकाशवाणीवर सुरू झाले ते त्यानंतरच्या वर्षी. आई २००१ मध्ये गेली.

गेल्या पावसाळ्यात टेप मधेच बंद पडू लागला. एकदा आईचे वाक्य अर्ध्यावर असताना गप्प झाला आणि फीत आत अडकली. ती चिमट्याने सोडवून, पेन्सिल घालून परत गुंडाळेपर्यंत आमच्या हाताला घाम फुटला होता. वायरमनने पाच मिनिटे बघितले आणि सांगितले, "हे काढून टाका, ब्लूटूथवाला बसवतो." सूचना चुकीची नव्हती. आमच्या कामाची नव्हती, इतकेच.

गंमत अशी की सौ. गाडी चालवत तेव्हा टेप छान वाजे. आम्ही बसलो की बंद. "यंत्रालाही कळते कोणाचे ऐकायचे ते," असे त्या म्हणाल्या. आम्ही ते विनोद म्हणून सोडून दिले. पुढचे दोन रविवार टेपच्या मागे डोके घालून बसलो, तेव्हा तो विनोद नसून निरीक्षण होते हे ध्यानात आले. दहावीच्या मुलांना आम्ही काय सांगतो? निरीक्षण लिहून ठेवा, कारण मागाहून शोधा. असो.

शाळेच्या प्रयोगशाळेतून मल्टिमीटर आणला. (रजिस्टरमध्ये सही करून. मुख्याध्यापक असलो तरी.) आधी बॅटरीची ऋण तार सोडवली, टेपचा प्लग काढला आणि स्टिअरिंगखालच्या पेटीतला रेडिओचा फ्यूज ओढून बाहेर काढला.

फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळलेली होती.

ती आम्हीच गुंडाळली होती. साधारण बारा वर्षांपूर्वी नाशिकहून परतताना फ्यूज तीनदा उडाला. जवळचे फ्यूज संपले, मागे मुले गाणी लावा म्हणून मागे लागलेली. आम्ही चांदी गुंडाळली, गाणी सुरू झाली आणि गोष्ट विसरून गेलो. त्यानंतर गाडी बहुतेक सौ.च चालवत होत्या. यंदा त्यांचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, म्हणून ती पुन्हा आमच्या हाती आली.

आता मीटर बीप वाजवणाऱ्या खुणेवर ठेवला. एक टोक फ्यूजच्या खाचेत, टेपकडे तार जाते त्या बाजूला, आणि दुसरे गाडीच्या उघड्या लोखंडाला. इथे मीटरने गप्प राहायला हवे. तो गप्प होता. मग सहज सौ.चे म्हणणे आठवले आणि ड्रायव्हरची सीट आम्हांला लागते तेवढी मागे सरकवली. टीं! पुढे घेतली, शांत. मागे घेतली, टीं! आमची उंची सहा फुटांच्या जवळपास आहे, सौ.ची पाच फूट. चोर सीटखाली होता.

सीट काढून गालिचा उचलला. आमच्या चिरंजीवांनी कॉलेजात असताना तिथे एक छोटा अॅम्प्लिफायर बसवला होता. पुढे तो काढून नेला, पण त्याची धन तार तशीच राहिली. टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली. इथल्या उन्हात पट्टीचा डिंक पाघळला, पट्टी सुटली आणि उघडे तांबे सीटच्या रुळाला टेकू लागले. रूळ बॉडीला, बॉडी बॅटरीच्या ऋण टोकाला. म्हणजे सरळ शॉर्ट. ठिणगी पडली की व्होल्टेज कोसळे आणि टेप मरे.

हिंदीत वीज नेणाऱ्या पदार्थाला 'चालक' म्हणतात, मराठीत 'सुवाहक'. आमच्या डोक्यात अजून चालकच बसलेला आहे. त्या दिवशी मात्र एक चालक सीटवर आणि दुसरा सीटखाली होता.

हसू तिथवरच. गालिच्याच्या खालच्या बाजूला रुपयाएवढे जळके भोक होते. दहा अँपियरचा फ्यूज असता तर पहिल्याच ठिणगीला वितळला असता आणि आम्ही शोधायला लागलो असतो. नाशिकच्या रस्त्यावर तो तीनदा तेच सांगत होता. आम्ही त्याचे तोंड चांदीने बांधले. याच जानेवारीत याच गाडीतून आम्ही तीन मुलांना विज्ञान प्रदर्शनाला नेले होते, मागच्या सीटवर, मांडीवर थर्माकोलची प्रतिकृती घेऊन. त्या तिघांच्या पालकांना आम्ही घरी जाऊन हे सांगितले आहे. इतरांसाठी इथे लिहीत आहोत.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. ती तार सीटपाशी न तोडता मुळापासून, टेपच्या मागून काढली. तिथला जोड नुसता पिळलेला होता, तो झाळून त्यावर तापवल्यावर घट्ट बसणारी नळी चढवली. लाल रंगाचा दहाचा नवा फ्यूज घातला आणि दोन जादा फ्यूज पेटीत ठेवले. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शीळ स्पीकरमधून वर्षानुवर्षे येत असे. टेपची काळी तार रंगावरच स्क्रूने आवळलेली होती. रंग खरवडून ती उघड्या पत्र्यावर आवळली, शीळ गेली.

कॅसेट लगेच लावली नाही. आधी दुसरी एक, भजनांची, दोन्ही बाजू वाजवून पाहिली, सीट पार मागे घेऊन. मग दमणगंगेच्या पुलाअलीकडे गाडी कडेला उभी केली आणि आईची लावली. सौ. शेजारी होत्या. शीळ गेल्यामुळे मागचे आवाज पहिल्यांदाच नीट कळले. आई बोलते आहे, मागे कुकरची शिटी होते, आणि ती मधेच थांबून कुणाला तरी म्हणते, "गॅस बारीक कर गं."

चिरंजीव दिवाळीत येतील तेव्हा ती संगणकावर उतरवून घेणार आहेत. मल्टिमीटर सोमवारी परत केला, रजिस्टरमध्ये नोंद आहे.