त्या मुलाचे हसू

माझा पुतण्या लहानपणापासून भित्रा. भीती वाटली, की रडण्याऐवजी त्याच्या ओठांवर एक ताणलेले हसू उमटते. मास्तरांनी दटावले तरी तो हसे, आणि मग उद्दाम ठरून दुप्पट बोलणी खाई. ही गोष्ट आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. तरीही ऐन वेळी मी ती विसरलो, त्याची ही हकीगत आहे.

जानेवारी २०१९ मधल्या एका संध्याकाळी त्याने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. “काका, हे पाहिलंत का?” वॉशिंग्टन शहरात, लिंकनच्या स्मारकापाशी, सोळा वर्षांचा एक शाळकरी मुलगा एका वृद्ध गृहस्थासमोर उभा होता. मुलाच्या डोक्यावर ट्रम्प यांच्या प्रचाराची लाल टोपी होती. वृद्ध गृहस्थ अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, ओमाहा जमातीचे. हातातला ढोल वाजवीत ते गात होते. मुलगा बोलत नव्हता, हलत नव्हता. केवळ हसत होता.

“किती उर्मट कार्टे आहे!” मी म्हणालो.

“कदाचित घाबरलाही असेल,” पुतण्या हळूच म्हणाला.

“घाबरलेली माणसे अशी हसत नाहीत,” मी ठासून सांगितले. तो गप्प बसला आणि, आता मला आठवते, किंचित हसला.

दोन-तीन दिवसांत त्याच प्रसंगाची जवळजवळ दोन तासांची चित्रफीत लोकांसमोर आली. तीत दिसले ते असे : केंटकी राज्यातील एका कॅथलिक शाळेची ही मुले गर्भपातविरोधी मोर्चासाठी आली होती. तेथेच उभ्या असलेल्या एका तिसऱ्याच लहानशा टोळक्याने त्यांना बराच वेळ शिवीगाळ केली. मुलांनी आपल्या शाळेच्या घोषणांचा गजर सुरू केला. तेव्हा ढोल वाजवीत ते वृद्ध गृहस्थ दोहोंच्या मधून मुलांकडे चालत आले. वातावरण निवळावे एवढाच आपला हेतू होता, असे त्यांनी पुढे सांगितले. म्हणजे मुलगा चालून गेला नव्हता. परंतु तोवर त्याच्या नावाने जगभर छी:थू झाली होती, आणि धमक्यांमुळे त्याची शाळा एक दिवस बंद ठेवावी लागली होती.

पुढे गोष्ट न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुलाच्या वतीने ‘वॉशिंग्टन पोस्ट’वर अब्रुनुकसानीचा दावा लागला, मागणी २५ कोटी डॉलरांची. मार्चमध्ये सीएनएनवर साडेसत्तावीस कोटींचा, आणि त्यानंतर इतरांवर. ‘पोस्ट’वरील दावा जुलैमध्ये फेटाळला गेला, ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायाधीशांनी ३३ विधानांपैकी तीन विधानांपुरता तो पुन्हा जिवंत केला. सीएनएनने जानेवारी २०२० मध्ये, ‘पोस्ट’ने त्याच वर्षी जुलैत आणि एनबीसीने २०२१ च्या अखेरीस तडजोड केली. रकमा गुप्तच राहिल्या.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ धरून पाच संस्था मात्र अखेरपर्यंत लढल्या. सारा वाद एका वाक्यावर येऊन ठेपला होता : मुलाने माझी वाट अडविली व मला मागे सरू दिले नाही, असे वृद्ध गृहस्थ म्हणाले होते आणि वृत्तपत्रांनी ते छापले होते. हे वस्तुस्थितीचे विधान, की एका माणसाला त्या क्षणी जे वाटले त्याचे वर्णन? २०२२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की हे मत आहे. ते खरे वा खोटे म्हणून सिद्ध करता येण्याजोगे नव्हे. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी तोच निकाल उचलून धरला, आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्याचे नाकारले.

निकाल वाचून प्रथम मला चीड आली. परंतु विचार केला, तेव्हा त्यातील शहाणपण पटले. प्रत्यक्षदर्शी माणसाने आपल्याला काय वाटले ते सांगावे आणि पत्राने ते त्याच्या नावे छापावे, यालाच जर दंड होऊ लागला, तर दुबळ्याचे गाऱ्हाणे कोण छापील? आपल्याकडे १८८२ साली कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या फिर्यादीवरून टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. ज्या पत्रांवर त्यांनी विसंबून लिहिले, ती बनावट ठरली होती. हेतू शुद्ध असूनही विश्वास चुकीच्या जागी पडतो, हे त्यांच्यासारख्यांनाही सोसावे लागले.

पण त्यांनी ते सोसले. वृत्तपत्राला फिर्याद आहे, वकील आहे, तडजोडीची रक्कम आहे. मी मात्र माझ्या बैठकीत बसून एका अनोळखी मुलाला उर्मट ठरविले, आणि माझ्यावर कोणताही दावा लागला नाही. माझ्यासारख्या लाखोंनी असेच निवाडे दिले. मुलगा त्या क्षणी भ्याला होता की नव्हता, हे आजही मला सांगता येणार नाही. दोन तासांच्या चित्रफितीतदेखील मन दिसत नाही. मला ते दिसले असे मी म्हणालो, हीच माझी चूक.

पुतण्या आता मिळवता झाला आहे. परवा जेवणे आटोपल्यावर मी त्याला म्हणालो, “त्या वॉशिंग्टनच्या मुलाविषयी तू म्हणालास ते मी ऐकून घ्यायला हवे होते. शिवाय तुझ्याविषयीही मी तेव्हा चुकलो.”

“काका, इतकी जुनी गोष्ट!” तो म्हणाला आणि हसला.

या खेपेस मी तर्क केला नाही. “का हसलास?” असे सरळ विचारले.

“अवघडल्यासारखं झालं,” तो म्हणाला.