अंगण वाकडं असतंच कधी कधी

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण नेमबाजीच्या रेंजवर जितकी ऐकू येते तितकी नाचाच्या क्लासातही येत नसेल. पोराचा छर्रा सातात गेला आणि त्यानं हातातल्या पिस्तुलाकडे जरा संशयानं पाहिलं, की मागून कुणीतरी ती ऐकवतंच. आमच्या क्लबात बरीच वर्षं ऐकवणारी मी होते.

मत पक्कं होतं. मागच्या साइटच्या स्क्रूला हात लावायचा नाही. हात सुधारा, उभं राहणं सुधारा, ट्रिगर सुधारा. स्क्रूड्रायव्हर मागायला येणाऱ्या मुलाला मी परत पाठवायचे, आणि खरं सांगायचं तर परत पाठवताना मला बरं वाटायचं. आपण कडक आहोत, जुन्या वळणाचे आहोत, हे दाखवायला ती जागा फार सोयीची होती.

हे मत हवेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं. दहा मीटर एअर पिस्तुलाला दुर्बीण नाही, भिंग नाही. नळीच्या टोकाला उभी माशी, मागे चौकोनी खाच. माशी खाचेच्या बरोबर मध्ये हवी, दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी पट्टी हवी आणि दोघींचे माथे एका रेषेत. बस, एवढंच यंत्र. या दोन साइट्समधलं अंतर साधारण 33 सेंटिमीटर धरा. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर एका बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा 15 मिलिमीटर सरकतो. आता दहाचं वर्तुळ केवढं, तर 11.5 मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढ्या फरकानं दहाचा नऊ होतो, आणि तोही कसाबसा. उलट साइट्स एकमेकींशी नीट जुळलेल्या असतील आणि सगळा हातच दोन मिलिमीटर डुलला, तर छर्राही दोनच मिलिमीटर डुलतो. म्हणून नवख्याला आम्ही सांगतो, की हात हलतोय याची चिंता नको, माशी बघ. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता म्हणे. पिस्तूलवाल्याला तो पक्षी धूसरच दिसायला हवा, नजर माशीवर.

एवढ्या नाजूक कारभारात चूक बहुतेक वेळा माणसाचीच निघते. उजव्या हातानं मारणाऱ्यानं ट्रिगर हिसकला की छर्रा खाली डावीकडे जातो. अशा पोराच्या हाती स्क्रू दिला तर तो काय करणार? खाच उजवीकडे आणि वर घेणार, कारण मागची साइट ज्या दिशेला न्याल त्या दिशेला छर्रा जातो. मग छर्र्यांचा ग्रुप मध्यावर येणार, पोरगं खूश, आणि हिसका तसाच. माझा सगळा कडवेपणा या एका हिशेबावर उभा होता, आणि तो हिशेब आजही बरोबरच आहे.

मत हललं ते क्लबच्या एका पिस्तुलामुळे. चांगलं मॅच पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. आमच्यासारख्या ठिकाणी ते एकेका मुलाला परवडत नाही, म्हणून एकच पिस्तूल पाळीपाळीनं चार-पाच हातांतून फिरतं. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 मध्ये पालेम्बांगहून एशियाडचं सुवर्ण आणल्यावर इथे पिस्तूल हातात घेणाऱ्या मुली वाढल्या. पिस्तुलं काही त्या मानानं वाढली नाहीत.

आठवीतली एक मुलगी होती. बारीक, शांत, तक्रार म्हणून कधी करायची नाही. तिचे छर्रे चांगले एकवटायचे, पण उजवीकडे वर, घड्याळात दोन वाजतात त्या बाजूला, सात-आठच्या मध्ये. मी तिचा अंगठा तपासला, मनगट तपासलं, पाय हलवून उभं राहायला लावलं. काही फरक नाही. आणि एका सकाळी तिचे छर्रे दहात बसायला लागले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि विचारलं, काय बदललंस?

ती म्हणाली, "काय नाही मॅडम. डावीकडं खालच्या अंगाला धरायचं, मग मधी बसतंय."

नेम काळ्याच्या खाली मध्यावर धरायचा सोडून ती बाजूला, जिथे नजरेला काहीच आधार नाही अशा जागी धरत होती. हे किती अवघड आहे ते पिस्तूल न धरलेल्याला सांगून कळणार नाही. काळ्या गोलाच्या बरोबर खाली थोडी पांढरी फट ठेवून धरलं की डोळा आपोआप मध्य शोधतो. बाजूला धरायचं म्हणजे प्रत्येक छर्र्याला अंदाज, आणि अंदाज घेताना नजर माशीवरून निघून टार्गेटवर जाणारच. जी सवय लागू नये म्हणून मी स्क्रू कुलपात ठेवला होता, तीच सवय कुलपामुळे लागत होती.

ते पिस्तूल मी स्वतः हातात घेतलं आणि मारून पाहिलं. माझाही ग्रुप उजवीकडे वर. मग मोठ्या गटातल्या एका मुलाला मारायला लावलं. त्याचाही तिकडेच. कधीतरी, माझी पाठ फिरली असताना, कुणीतरी आपला हिसका त्या साइटमध्ये भरून ठेवला होता आणि ही पोरगी त्याची भरपाई करत बसली होती. खाच डावीकडे आणि खाली घेतली. नेम काळ्याच्या खाली, जिथे असायला हवा तिथे आला, आणि त्याच सकाळी तिचे छर्रे मध्यावर पडायला लागले.

आता यात गंमत अशी, की या प्रसंगातून माझं जुनं मतही खरं ठरतं. स्क्रूनं चूक झाकली की काय होतं, याचा पुरावाच तो. फक्त झाकणारा एक आणि भोगणारी दुसरी, हे माझ्या तत्त्वात कुठे बसत नव्हतं. ‘साइटला हात लावू नका’ असं म्हणताना मी धरून चालले होते की साइट मुळात बरोबर आहे. कुणाच्या हातासाठी बरोबर, कुणाच्या डोळ्यासाठी, हा प्रश्नच कधी विचारला नव्हता. पिस्तुलाला स्वतःचं असं शून्य, म्हणजे नेम आणि छर्रा जुळण्याची जागा, नसतं. ते पिस्तूल, तो पंजा, तो डोळा आणि त्या जागेचा उजेड, या सगळ्यांचं मिळून एक शून्य असतं, आणि यातलं एक बदललं की ते हलतं.

उजेडाचं उदाहरण सांगते. आमच्या शेडला एका अंगानं खिडक्या आहेत. सकाळचं ऊन उजवीकडून आलं की माशीची उजवी कड चकाकते आणि मागच्या पांढऱ्यात मिसळून जाते. डोळा उरलेल्या काळ्या भागालाच माशी समजतो आणि तो भाग मध्यावर आणतो. खरी माशी तेवढी उजवीकडे सरकलेली, छर्राही उजवीकडे. जुने नेमबाज यावर कापूर जाळून त्याची काजळी माशीवर धरतात. चकाकी जाते. हा उपाय मला फार आवडतो, पण ढगाळ दिवशी आणि ट्यूबलाइटखाली प्रश्न दुसराच असतो, तिथे कापूर चालत नाही. स्क्रूचे दोन क्लिक चालतात.

आणि माझा डोळा. चाळिशीनंतर हाताएवढ्या अंतरावरची माशी स्पष्ट दिसेना, तेव्हा नेमबाजीच्या चष्म्यात वेगळी काच बसवली. त्या दिवसापासून माझा ग्रुप सरकला. मी हात तोच ठेवला होता, ट्रिगर तोच, श्वास तोच. माझ्याच नियमानं पाहिलं तर आता मला स्वतःत चूक शोधायला हवी होती. शोधलीही. मग एक दिवस कुणी बघत नाही असं पाहून स्क्रूड्रायव्हर काढला. खाच जरा रुंदही केली, माशीच्या दोन्ही बाजूंना उजेड जास्त मिळावा म्हणून. वयस्कर डोळ्याला तो लागतो.

मग एक साधा हिशेब मांडून पाहिला, जो मी आधी कधी मांडलाच नव्हता. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, आणि दहाच्या वर्तुळाला कडेनं शिवला तरी दहा. म्हणजे छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 8 मिलिमीटरपर्यंत कुठेही चालतो. आता शून्य 4 मिलिमीटर उजवीकडे असेल, तर चांगल्या छर्र्यांना काहीच कळत नाही, ते दहाच देतात. पण उजव्या बाजूला चुकायला आता 8 ऐवजी 4 मिलिमीटरच उरतात. जरा थकलेल्या हाताचा, जरा घाईचा छर्रा, जो एरवी दहात निसटून आला असता, तो नऊ होतो. आणि आपण म्हणतो, एकाग्रता कमी पडली. साठ छर्र्यांच्या मॅचमध्ये असे किती नऊ माणसाच्या माथी मारले जात असतील कोण जाणे.

पॅरिस ऑलिम्पिकनंतर त्या तुर्की नेमबाजाचा, युसुफ डिकेचचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. एक हात खिशात, डोळ्यावर नेमबाजीचा खास चष्मा नाही, आणि रौप्य. आमच्या ग्रुपवर त्याखाली संदेश येत होते, की बघा, साधनांचं अवडंबर नको. मीही आधी पसंतीचा अंगठा टाकला. मग लक्षात आलं, की त्या हातातलं पिस्तूल काही जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवरचं नाही. ते पूर्ण मॅच पिस्तूल आहे आणि त्याची मागची साइट स्क्रूनं फिरते, जशी सगळ्यांची फिरते.

आता मी काय करते? एका छर्र्यावर स्क्रू फिरवू देत नाही, यात बदल नाही. एक छर्रा काहीच सांगत नाही. पाच छर्रे मार, मग पुन्हा पाच. दोन्ही ग्रुप घट्ट आणि एकाच बाजूला असतील तर ये. ग्रुपच विखुरलेला असेल तर माझं जुनं प्रवचन अजून तयार आहे. पण घट्ट ग्रुप घेऊन आलेल्या मुलाला मी आता माघारी पाठवत नाही. एक क्लिक म्हणजे दहा मीटरवर एखाद-दोन मिलिमीटर, बनावटीनुसार कमी-जास्त. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की काय होतं तेही बनावटीनुसार बदलतं, म्हणून आधी माहितीपत्रक वाचायचं आणि मग एकदा मुद्दाम फिरवून बघायचं. प्रत्येकाच्या वहीत त्याचे क्लिक लिहिलेले असतात. पिस्तूल दुसऱ्याच्या हातात गेलं की आधी वही उघडायची, मग छर्रा भरायचा. मॅचला पहिली 15 मिनिटं तयारीची आणि सरावाच्या छर्र्यांची असतात, हवे तितके मारा, गुण धरत नाहीत. माझी मुलं पूर्वी ती मिनिटं हात गरम करण्यात घालवायची. आता त्यातला बराच वेळ त्या हॉलच्या उजेडात आपलं शून्य कुठे आहे ते बघण्यात जातो. मॅच सुरू झाल्यावरही स्क्रू फिरवायला नियमाची आडकाठी नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगते, कारण कुणीच सांगत नाही.

माझे सर, ज्यांनी मला पिस्तूल धरायला शिकवलं, त्यांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, मॅचमध्ये मन डळमळलं की बोट आधी स्क्रूकडे जातं, आणि एकदा ती वाट मोकळी केली की पोरं सारखी तिकडेच पळणार. यात तथ्य आहे. तशी दोन-तीन मुलं माझ्याकडे आहेत, नवव्या छर्र्यापासून क्लिक मोजत बसणारी. त्यांचं काय करायचं ते मला अजून नीट सुचलेलं नाही.

"आज स्क्रू, उद्या ग्रिप," सर म्हणाले, "परवा म्हणशील पिस्तूलच बदला."

मी म्हटलं, "सर, तुम्ही स्वतःची ग्रिप पुटी लावून कानशीनं घासत बसायचात ते?"

"ग्रिपचं वेगळं असतं गं."

वेगळं कसं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.