थंडीचे आजोबा

रशियात पायघोळ कोट घालून, हातात उंच काठी घेऊन एक पांढऱ्या दाढीचे आजोबा मुलांना भेटी वाटतात. पण नाताळला नाही, थर्टीफर्स्टला! नाव देद मरोज. देद म्हणजे आजोबा, मरोज म्हणजे कडाक्याची थंडी. सोबत नात असते, स्नेगुरोच्का. वाटतं, सांताक्लॉजची रशियन आवृत्ती, दुसरं काय!

पण लोककथेतला मरोज एवढा प्रेमळ नाही. सावत्र आईच्या हट्टापायी एका मुलीला ऐन हिवाळ्यात जंगलात सोडून देतात. मरोज येतो नि पुन्हापुन्हा विचारतो, थंडी वाजतेय का गं? ती कुडकुडत म्हणते, नाही हो. तिला उबदार कपडे आणि दागिने मिळतात. मागून आलेली सावत्र बहीण उर्मटपणे बोलते आणि गोठून मरते. स्नेगुरोच्काही मुळात त्याची नात नव्हेच. निपुत्रिक म्हातारा-म्हातारीने बर्फातून घडवलेली मुलगी ती. उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर शेकोटीवरून उडी मारते, आणि तिची वाफ होते. बास. गोष्ट संपली.

मग हे 'भेटी वाटणारे आजोबा' इतके पक्के कसे झाले? तर सरकारी कृपेने. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत राजवटीने नाताळच्या झाडावर बंदी आणली. २८ डिसेंबर १९३५ ला 'प्रावदा'त पावेल पोस्तिशेव या बड्या नेत्याचं पत्र छापून आलं : श्रीमंतांच्या मुलांना झाड मिळायचं, मग कामगारांच्या मुलांना का नको? झालं! झाड परत आलं, पण नववर्षाचं म्हणून. पाठोपाठ आजोबा आले, नात आली. येशू तेवढा बाहेर राहिला.

हाच पोस्तिशेव १९३३ साली युक्रेनमध्ये धान्यवसुलीसाठी पाठवला गेला होता. त्या दुष्काळात लाखो माणसं उपाशी मेली. पुढे १९३९ मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्यालाही गोळी घातली.

मला हे वाचून आठवते ती युक्रेनची नाताळची आदली रात्र. कोपऱ्यात 'दिदुख' ठेवतात, म्हणजे धान्याची पेंढी. तिच्यात पूर्वज येऊन राहतात अशी समजूत. जेवणात पहिली 'कुत्या' : शिजवलेले गहू, मध, खसखस. गेलेल्यांसाठीही ताट मांडायची पद्धत आहे. ज्या घरांतून गहू ओढून नेला, त्याच घरांतली माणसं पुढे गव्हाच्या पेंढीत आपल्या मेलेल्यांना बोलावत राहिली. त्यासाठी कुणाचं पत्र लागलं नाही.

म्हणून 'आपली प्राचीन परंपरा' असं कुणी छातीठोकपणे म्हटलं की मी आधी विचारतो, साल कुठलं? देद मरोजचं आजचं रूप शंभर वर्षांचंही नाही. तरी मुलांचा आनंद खोटा आहे असंही नाही म्हणवत. २०२३ मध्ये युक्रेनने नाताळची सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली, रशियाच्या पंचांगापासून दूर. तारीख सरकारला बदलता येते. कोपऱ्यातल्या पेंढीत कोण येतं, ते मात्र घरचेच ठरवतात.

असो. बाहेर गारठा आहे, चहा टाकतो :)