उतरत्या विमानावरचा हल्ला

हवाई लढाईच्या संगणकीय खेळांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात एकाच विमानाला डझनावारी क्षेपणास्त्रे बाळगता येतात, इंजिन तापत नाही आणि लढाई संपली की मोहीमही संपते. दुसऱ्या वर्गातील खेळांना फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात आणि त्यांत विमानाचे वजन, इंधन, इंजिनाचे तापमान, वारा या साऱ्यांचा हिशेब प्रत्यक्षाच्या जवळ जाईल अशा रीतीने मांडलेला असतो. 2001 साली आलेला 'इल-2 श्टुर्मोविक' हा या दुसऱ्या वर्गातील मानदंड मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात 36,000 हून अधिक संख्येने बांधल्या गेलेल्या सोव्हिएत हल्लाविमानाचे नाव त्याला मिळाले असून ओलेग मॅडॉक्स यांच्या रशियन चमूने तो घडवला. पुढे 2006 मध्ये त्याच्या सर्व भागांचे एकत्रित रूप '1946' या नावाने प्रसिद्ध झाले आणि अनेक खेळाडू इंटरनेटवरून एकमेकांविरुद्ध तो दीर्घकाळ खेळत राहिले.

या खेळातील सर्वांत थरारक क्षण गोळीबाराचा असतो अशी समजूत बाहेरून पाहणाऱ्यांची असते. वास्तविक तोफ चालण्याचा काळ दोन-तीन सेकंदांचा असतो आणि त्याची तयारी उंची व वेग यांच्या देवघेवीतून आधीच झालेली असते. उंची विकून वेग मिळतो, वेग खर्चून उंची मिळते आणि या दोहोंच्या बेरजेला वैमानिक 'ऊर्जा' म्हणतात. ज्याच्यापाशी ही ऊर्जा अधिक, त्याला लढाई सुरू करण्याचे आणि सोडून जाण्याचेही स्वातंत्र्य असते. विमान उतरवताना मात्र वैमानिकाला ही सारी ऊर्जा स्वतःच्या हाताने फेकून द्यावी लागते. चाके आणि पंखांचे फ्लॅप खाली, वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आत, उंची शंभर-दीडशे मीटर, अशा अवस्थेतील लढाऊ विमानाइतके असहाय यंत्र आकाशात दुसरे नसते. प्रस्तुत लेखकाच्या मनात जी तक्रार अजूनही धुमसते आहे, ती याच अवस्थेशी निगडित आहे.

ही तक्रार ज्या संध्याकाळी उपजली त्या संध्याकाळची लढाई थोडक्यात सांगता येईल. पूर्व आघाडीचा नकाशा होता, लेखक याक-9 या सोव्हिएत विमानात होता आणि समोर जर्मन मेसरश्मिट 109 जी होते. विमानांच्या शेजारी नावे व अंतरे दाखवणारी चिन्हे हा खेळ ज्या सर्व्हरवर चालला होता त्यावर बंद होती, त्यामुळे क्षितिजावरचा ठिपका मित्र की शत्रू हे त्याच्या पंखांच्या आकारावरूनच ओळखावे लागे. लढाई 'सिझर्स' या डावपेचापर्यंत गेली. यात दोन्ही विमाने वेग कमी करत एकमेकांचा मार्ग आडवा कापत राहतात आणि जे आधी पुढे सरकते ते दुसऱ्याच्या तोफेसमोर येते. कमी उंचीवर याक अधिक आखूड वळण घेते, या एकाच गुणाच्या बळावर लेखकाला विजय मिळाला; परंतु त्याआधी मेसरश्मिटच्या काही गोळ्या इंजिनात शिरल्या होत्या.

खरा थरार येथून पुढे सुरू झाला. इंजिनातून फुटलेले तेल समोरच्या काचेवर पसरले आणि पुढचे काहीही दिसेनासे झाले. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, पुढे रेटावा तर इंजिन जॅम होणार आणि मागे घ्यावा तर विमान तळापर्यंत पोहोचणार नाही, अशा कात्रीत नदीच्या वळणाचा आधार घेत, बाजूच्या काचेतून जमीन पाहत परतीचा प्रवास चालला होता. धावपट्टी दिसली तीही बाजूनेच. अशा वेळी 'साइडस्लिप' करतात. म्हणजे विमान एका अंगाला कलवायचे, शेपटीचे रडर विरुद्ध बाजूचे दाबायचे आणि तिरक्या नाकाने घसरत खाली यायचे, त्यामुळे उंची झपाट्याने कमी होते आणि धावपट्टी बाजूच्या काचेत दिसत राहते. खोलीत बसलेल्या माणसाचे तळवे घामेजले होते आणि जॉयस्टिकवरची पकड इतकी घट्ट झाली होती की बारीक हालचाल करणे कठीण जात होते. जमिनीच्या अगदी जवळ विमान सरळ केले, शेपटीचे चाक आणि पुढची दोन चाके जवळजवळ एकदम टेकली, विमान एकदा उसळले आणि पुन्हा बसले.

विमान धावपट्टीवर धावत असतानाच मागून तोफेचे गोळे आले. हल्लेखोर दुसराच एक मेसरश्मिटवाला होता. आघाडीवरच्या लढाईत तो कोठेही नव्हता, तळापासून दूर उंचावर, सूर्याच्या बाजूला तो घिरट्या घालत थांबला होता आणि परतणारी विमाने तेवढी टिपत होता. त्या सर्व्हरचा नियम असा होता की विमान तळावर सुखरूप थांबले तरच त्या उड्डाणातील विजय खेळाडूच्या नावावर जमा होत. म्हणजे सिझर्समध्ये मिळवलेला विजय गेला, समोरची काच तेलाने माखलेली असताना केलेले उतरणे गेले, आणि ज्याने लढाईत एक वळणसुद्धा घेतले नव्हते त्याच्या खात्यात एक विमान जमा झाले. त्यावर त्याने संदेशाच्या खिडकीत एक हसरा चेहरा पाठवला. या हसऱ्या चेहऱ्याचा राग पराभवाच्या रागापेक्षा अधिक टिकला, हे नमूद करणे भाग आहे.

खेळाडूंच्या बोलीत या प्रकाराला 'वल्चिंग' म्हणतात आणि त्याविषयीचा वाद सिम्युलेटरच्या जगात जुना आहे. निषेध करणाऱ्यांचा युक्तिवाद असा की यात कौशल्य नाही, आणि दोन वैमानिकांची बरोबरीची झुंज हाच या खेळाचा आत्मा आहे. इतिहास मात्र या बाजूने उभा राहत नाही. जर्मनीचे मेसरश्मिट 262 हे जेट विमान हवेत गाठणे कठीण होते, त्यामुळे दोस्तांची लढाऊ विमाने त्याच्या तळांवर टपून बसत आणि ते उडताना किंवा उतरताना त्याला गाठत. 1945 मध्ये जर्मनांच्या एका जेट पथकाला उतरत्या विमानांच्या रक्षणासाठी फोके-वुल्फ 190 विमानांची वेगळी तुकडी ठेवावी लागली, आणि आपल्याच विमानविरोधी तोफांनी त्यांच्यावर मारा करू नये म्हणून त्यांच्या पोटाला लाल रंग व पांढरे पट्टे दिलेले असत. भारतीय वाचकाला तर दूर जाण्याची गरज नाही. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरच्या तळावर पाकिस्तानी सेबर विमानांचा हल्ला चालू असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी त्याच धावपट्टीवरून नॅट विमान उडवले, शत्रूशी झुंज दिली आणि त्या लढाईत त्यांना वीरमरण आले. परमवीरचक्र मिळालेले ते भारतीय वायुसेनेचे एकमेव अधिकारी आहेत. तळावर आलेले संकट न्याय्य की अन्याय्य हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

युद्धाच्या कायद्यानेही रेषा दुसरीकडे ओढली आहे. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमधील 42 वे कलम संकटग्रस्त विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्या माणसावर तो खाली येत असताना हल्ला करण्यास मनाई करते. धावपट्टीवर धावणाऱ्या लष्करी विमानाला असे कोणतेही संरक्षण नाही. म्हणून वल्चिंगला युद्धगुन्ह्याच्या सुरात धिक्कारणे हा निव्वळ भावनेचा प्रकार ठरतो.

असे असूनही तळाभोवतीच्या हल्ल्यांना बंदी हवी असे प्रस्तुत लेखकाचे त्या रात्री ठाम मत झाले होते, आणि अशी बंदी असलेल्या सर्व्हरवर तो नंतर काही काळ खेळलाही. तेथे उतरणे निर्धोक होते. तळाची हद्द आली की मागे पाहण्याची गरज संपे, तळवे कोरडे राहत, आणि विजयाची नोंद बिनबोभाट होई. परतीच्या प्रवासातला थरार मात्र त्या बंदीबरोबर नाहीसा झाला होता. ज्या भीतीने ते पूर्वीचे उतरणे संस्मरणीय केले, ती भीती वर कोणीतरी असू शकेल या शक्यतेतूनच आलेली होती हे मान्य केले, तरी त्या हसऱ्या चेहऱ्याविषयीचा राग काही कमी होत नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात याचा उलगडा करण्याचा येथे हेतू नाही.

व्यवहाराचा विचार करता सर्व्हर चालवणाऱ्यांनी बंदीचा मार्ग सोडून तळांभोवती विमानविरोधी तोफा भरपूर ठेवाव्यात. टपून बसणाऱ्याला तेथे थांबण्याची किंमत मोजावी लागली की हा व्यवसाय आपोआप आटोक्यात येतो. नव्या खेळाडूंनी तळावर येताच थेट उतरू नये. इंजिन साथ देत असेल तर एक फेरी उंचावरून मारावी, सूर्याच्या दिशेला आडवा हात धरल्यासारखे निरखून पाहावे, सहकाऱ्याला वर पहाऱ्यावर ठेवावे आणि मगच चाके खाली घ्यावीत. चाके टेकल्यानंतरही, पंखा थांबेपर्यंत, मान मागे वळवत राहावी.