आजोबांची ‘बुलेट’



चिरंजीव अनिरुद्ध यांनी पाठवलेल्या दोन छायाचित्रांपैकी पहिल्याखाली ‘आजोबांची बुलेट, १९४८’ अशी ओळ आहे. ती वाचून आनंद होतो न होतो तोच पुढच्या चाकाकडे लक्ष गेले आणि आनंद विरला. त्या चाकाला ‘गर्डर फोर्क’ आहे, म्हणजे पोलादी नळ्यांची चौकट आणि समोर उघडी दिसणारी जाड स्प्रिंग. उलट रॉयल एन्फील्डने १९४९ च्या हंगामासाठी आणलेल्या नव्या ३५० सीसी बुलेटला एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा टेलिस्कोपिक फोर्क होता. १९३२ पासूनच्या जुन्या बुलेटला गर्डर फोर्क असे, हे खरे. परंतु तिच्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर, आणि छायाचित्रातील इंजिन मात्र साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा सिलिंडरच्या कुशीत असलेले, बसक्या माथ्याचे आहे. तेव्हा ती युद्धकाळात लष्करासाठी बनलेली बी.एस.ए. एम २० (४९६ सीसी) किंवा नॉर्टन १६ एच (४९० सीसी) असावी, युद्धानंतर डिस्पोजलच्या मालातून आलेली. दोहोंतली कोणती, हे इंजिनाच्या झाकणाच्या आकारावरून ठरले असते, पण नेमके तिथेच आजोबांच्या धोतराचा सोगा आला आहे. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडियाची स्थापना होऊन रस्ते बुलेटने भरले, आणि घरोघरच्या आठवणींतली प्रत्येक दणकट गाडी मागाहून बुलेटच झाली. हे घर त्याला अपवाद असेल, अशी आशा उगीचच होती.

दुसऱ्या छायाचित्रात गाडी बुलेटच आहे, पण साल चुकले आहे. हेडलाइट, स्पीडोमीटर आणि हँडलचा मधला भाग एकाच ओतीव आवरणात बसवून दोन्ही बाजूंना लहान दिवे देण्याची पद्धत, जिला कंपनी ‘कॅस्केट’ म्हणते, ती १९५४ पासूनची. खाली मात्र १९५१ लिहिले आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, चिरंजीवांनी हे छायाचित्र संगणकाकडून ‘स्वच्छ’ करून घेतले. असे यंत्र धूसर जागी दिसेल ते दाखवत नाही, असावे असे वाटेल ते भरते. टाकीवर तांबडा रंग चढला, त्याला कृष्णधवल छायाचित्रात आधार कोणता? टाकीवरील नावाची अक्षरे तर आता कोणत्याच लिपीतली राहिलेली नाहीत, आणि नंबरप्लेटवरचा पुसट आकडा, ज्यावरून काही शोध लागला असता, तो चकचकीत पण खोटा झाला आहे. लग्नाच्या फोटोंतून माणसे कापून काढणाऱ्या घराला हे सांगावे लागते, याचे नवल नाही, वाईट मात्र वाटते. सुरकुती, डाग, शाईचा ओघळ, काठाची दातेरी कड, काहीही काढू नये.

काळ्या कागदाच्या अल्बममधून मूळ प्रत सोडवण्यासाठी चिरंजीव वाफ देण्याच्या विचारात आहेत, असे कळते. छायाचित्राचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओलाव्याने तो फुगतो आणि सुटतो. तेव्हा वाफ देऊ नये. आणि गाडी मुळात आजोबांचीच होती, की दुसऱ्या कोणाची, फोटोपुरती मागून आणलेली, हे सांगू शकेल असे आत्याबाईंखेरीज घरात कोणी उरलेले नाही. त्यांची दृष्टीही या वर्षी फार मंदावली आहे. तरी दिवाळीची वाट न पाहता, अल्बम आहे तसा कापडात गुंडाळून, चिरंजीवांनी याच आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन यावे.