पालकांच्या शेऱ्यांचा रकाना

कॅलिफोर्नियातल्या आमच्या शाळेच्या पुढल्या वर्षाच्या आराखड्याचा मसुदा मंगळवारी रात्री मेलवर येऊन पडला. पानं साठच्या वर आणि साइट कौन्सिलची, म्हणजे पालक आणि शाळेतले लोक यांच्या समितीची, बैठक गुरुवारी. चाळत चाळत शेवटाकडे आले तर 'पालकांचे शेरे' असा एक रकाना दिसला. त्यात आधीच टाइप करून ठेवलं होतं : 'नाहीत'. मसुदा पालकांच्या हातात नुकता पडत होता, बैठक व्हायची होती, आणि त्यांना काही म्हणायचं नाही हे ठरूनही गेलं होतं. मला फार राग आला. तो रकाना तिथे मुळात का असतो, हे आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून आज त्याविषयीच लिहिते.

११ एप्रिल १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणीच्या शाळेसमोर टेबल मांडलं, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवलं आणि शाळांना केंद्राकडून मदत देणाऱ्या कायद्यावर सही केली. तरुणपणी ते कोटुला नावाच्या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवत असत. त्या मुलांची आठवण या कायद्यामागे होती असं ते स्वतःच सांगत. कायद्याचा पहिला भाग म्हणजे टायटल वन. गरीब वस्त्यांतल्या शाळांना त्यातून जादा पैसा मिळतो, अलीकडे वर्षाला अठरा अब्ज डॉलरच्या आसपास. २००२ साली याच कायद्याला कडक रूप आलं : २०१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात पास झालं पाहिजे, नाहीतर शाळेवर कारवाई. ते साधणार नव्हतंच. २०१५ च्या दुरुस्तीने बरेच अधिकार राज्यांकडे परत गेले, पण आराखड्याची अट राहिली.

अट अशी की निदान ४० टक्के मुलं गरीब घरांतली असली, तर हा पैसा निवडक मुलांपुरता न ठेवता सगळ्या शाळेसाठी वापरता येतो. त्याआधी मात्र शाळेच्या गरजांची नीट तपासणी करून लेखी आराखडा करावा लागतो, आणि तोही पालकांना बरोबर घेऊन. राज्यातल्या टायटल वन शाळांपैकी तळाच्या ५ टक्क्यांत शाळा गेली, तर आणखी बंधनं येतात. उपाय कुठल्या ना कुठल्या अभ्यासाने सिद्ध झालेले हवेत, शिक्षक आणि पैसा यांच्या वाटपात शाळेवर अन्याय होतो आहे का ते तपासायला हवं, आणि आराखड्याला शाळा, डिस्ट्रिक्ट (भागातल्या शाळा चालवणारी यंत्रणा) आणि राज्य अशी तिघांचीही मंजुरी लागते. आमची शाळा त्या यादीत आहे.

आणि यातलंच एक कलम त्या रकान्याचं. आराखडा पालकांना समाधानकारक वाटला नाही, तर त्यांचे शेरे शाळेने आराखड्यासोबत डिस्ट्रिक्टकडे पाठवायचे, असं केंद्राचा कायदा सांगतो. शेरा बरोबर आहे की चूक हे ठरवायचा अधिकार शाळेला दिलेला नाही. तो जोडायचा आणि पाठवायचा. म्हणून तिथे आधीच 'नाहीत' लिहून ठेवणं मला साधी घाई वाटत नाही.

माझी ताई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. साइट कौन्सिलच्या प्रत्येक बैठकीनंतर मी तिला फोन करते आणि आमचं बोलणं हटकून शाळा व्यवस्थापन समितीवर येतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांत या समित्या सक्तीच्या केल्या. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका, आणि वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा या समितीनेच करायचा आणि सरकारी अनुदानाला तोच आधार धरायचा. कॅलिफोर्नियात प्राथमिक शाळेच्या साइट कौन्सिलवर निम्मे शाळेतले लोक आणि निम्मे पालक. कागदावर पाहिलं तर आपला कायदा पालकांवर जास्त विश्वास टाकतो, हे मी इथल्या बैठकीतही सांगितलं आहे आणि ते ऐकून लोकांना नवल वाटतं.

कागदापुढची गोष्ट ताईकडून ऐकावी. सुरुवातीला समितीत आया यायच्याच नाहीत. मग तिच्या शाळेने बैठक बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवली. बाजार उरकून परतणाऱ्या बायका पिशव्यांसकट व्हरांड्यात येऊन बसायच्या. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, ही ओळ आराखड्यात आली ती अशाच एका दुपारी. सातवीतल्या मुली महिन्यातले काही दिवस घरी का राहतात, याचं कारण शिक्षकांना तोवर कोणी सांगितलं नव्हतं. टाकी बसायला वेळ लागला, पण ओळ लिहिलेली असल्यामुळे प्रत्येक बैठकीत तिच्याबद्दल विचारता येत होतं.

इथे आमची बैठक दुपारी साडेतीनला असते. साफसफाईच्या, वेअरहाउसच्या, नेल सलूनच्या पाळीत असलेली आई साडेतीनला येऊ शकत नाही. खरं तर बैठकीला येण्याजाण्याचा खर्च आणि तेवढ्या वेळापुरतं मुलांना सांभाळण्याचा खर्च टायटल वनच्या पैशातून करता येतो, कायद्यात तसं स्पष्ट म्हटलं आहे. ज्या डिस्ट्रिक्टला वर्षाला पाच लाख डॉलरपेक्षा जास्त मिळतात, त्याने निदान १ टक्का रक्कम पालकांच्या सहभागासाठी बाजूला काढायची असते आणि त्यातला ९० टक्के वाटा शाळांपर्यंत पोहोचायला हवा. तो पैसा आमच्याकडे बहुतेक पत्रकं आणि बॅनरवर जातो. बैठक संध्याकाळी ठेवून शेजारच्या वर्गात मुलांना कोणी सांभाळलं, तर तोच पैसा सत्कारणी लागेल.

पालक बैठकीला येऊन बोलले की काय होतं, ते गुरुवारी दिसलं. आराखड्यातलं मोठं उद्दिष्ट गैरहजेरीचं. शाळेचे दिवस १८०, त्यातले १० टक्के, म्हणजे १८ दिवस चुकले की मूल 'दीर्घ गैरहजर' ठरतं. आजारी असो, रजा मंजूर असो, सगळे दिवस धरले जातात. महामारीनंतर २०२१-२२ मध्ये कॅलिफोर्नियातली ३० टक्के मुलं या गटात गेली. मसुद्यात कारण दिलं होतं : 'पालकांना उपस्थितीचं महत्त्व पटलेलं नाही.' उपाय : माहितीपत्रकं आणि रोजचे मेसेज.

मागच्या बाकावर बसलेल्या एका आईने हात वर केला. ती स्पॅनिशमध्ये बोलली आणि ऑफिसातल्या बाईंनी इंग्रजीत सांगितलं. तिची पाळी सातला सुरू होते. शाळेचं फाटक उघडतं सात पन्नासला. पहिलीतल्या मुलाला बंद फाटकाबाहेर सोडून जाता येत नाही. शेजारीण सोडते, पण तिचं स्वतःचं बाळ आजारी असलं की तो दिवस गेला. 'महत्त्व मला कळतं,' ती म्हणाली, 'फाटक लवकर उघडा.' तिच्याबरोबर आलेल्या व्हिएतनामी आजींनीही मान डोलावली. खोलीतल्या कोणाकडेच याला उत्तर नव्हतं, कारण हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. राज्यात सगळ्या मुलांना नाश्ता फुकट आहे, किचनची माणसं लवकर येतातच. एका मदतनीसाचा रोजचा तासाभराचा पगार एवढाच प्रश्न. मी तिचं म्हणणं तिथेच लिहून काढलं, तिला वाचून दाखवलं, तिने सही केली आणि ते त्या रकान्यात गेलं. 'नाहीत' खोडावं लागलं.

आपल्या लोकांचाही हजेरीशी संबंध आहेच. डिसेंबरात चार आठवडे भारतात गेलं की शाळेचे दहा-बारा दिवस तिथेच संपतात. पुढे सर्दी-तापाचे आठवडे आले की मूल त्या १८ च्या पलीकडे गेलंच. आजी-आजोबांना नातवंडं दिसायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण निघण्याआधी इंडिपेंडंट स्टडीचा, म्हणजे शाळेबाहेर राहून ठरलेला अभ्यास पूर्ण करण्याचा, करार करता येतो का, हे तिकीट काढतानाच शाळेला विचारा.

पैशाबद्दल माझं मत पहिल्यापासून ठाम आहे. आराखड्यातली मोठी रक्कम दरवर्षी कुठल्या तरी वाचनाच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यावर जाते. विकणारे पुराव्याची फाइल घेऊनच येतात. केंद्राच्या नियमांत पुराव्याच्या चार पायऱ्या आहेत, आणि सुधारणेच्या खास निधीसाठी वरच्या तीनपैकी एक लागते. कुठल्या पायरीवरचा पुरावा, कुठल्या वयाच्या मुलांवरचा, एवढं विचारलं की बऱ्याचदा संभाषण थांबतं. त्या पैशात आठवड्यातून तीनदा तीन-चार मुलांना घेऊन बसणारा माणूस मिळत असेल, तर माझं मत माणसाला.

प्रिन्सिपॉलबाईंची बाजूही सांगायला हवी. राज्याचा आराखडा वेगळा, शाळेचा वेगळा, प्रत्येकाचा साचा वेगळा, मुदती मात्र एकमेकींवर आदळणाऱ्या. त्या हे सगळं शनिवार-रविवारी बसून लिहितात. गुरुवारी त्यांनी वाद न घालता मसुदा बदलला. तरीही साठ पानं दोन दिवस आधी देऊन पालकांचं मत घेतलं असं म्हणता येत नाही. आमच्याकडे स्पॅनिश आणि व्हिएतनामी बोलणारी घरं १५ टक्क्यांच्या कितीतरी पुढे आहेत, म्हणजे राज्याच्या कायद्याप्रमाणे शाळेची पत्रं आणि अहवाल त्या भाषांतही द्यायला हवेत. आला तो सारांश, एका पानाचा.

आपली बहुतेक मंडळी घर घेतानाच दहापैकी नऊ गुणांची शाळा पाहतात, त्यामुळे यातलं काही त्यांच्या वाट्याला येत नाही. ते मला समजतं. पण सॅन होजेच्या पूर्वेकडे, भाडं परवडतं म्हणून राहणारी मराठी घरं आता वाढली आहेत. त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट, आणि ती नीट वाचा.

ऑगस्टमध्ये शाळा उघडताना कुटुंबाच्या उत्पन्नाचा एक फॉर्म येतो. जेवण सगळ्यांनाच फुकट झाल्यापासून तो भरायचं लोकांनी सोडलं आहे. जेवणासाठी तो लागत नाही, हे खरं. पण शाळेत गरीब घरांतली मुलं किती, हे मोजायला बऱ्याच ठिकाणी तोच लागतो. राज्याच्या २०१३ च्या सूत्रात कमी उत्पन्नाच्या प्रत्येक मुलामागे पायाभूत रकमेच्या २० टक्के जास्त मिळतात, आणि अशी मुलं डिस्ट्रिक्टमध्ये ५५ टक्क्यांवर गेली की आणखी वर. टायटल वनचा पैसा शाळांना वाटताना ७५ टक्क्यांवरच्या शाळांचा नंबर आधी लागतो. न भरलेल्या प्रत्येक फॉर्ममुळे कागदावरची शाळा आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते. उत्पन्नाची मर्यादा केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंत असते आणि कुटुंबातल्या माणसांप्रमाणे वाढते. एकाच्या पगारात पाच जण, नोकरी गेलेलं घर, शिकणारा नवरा आणि काम करायची परवानगी नसलेली बायको, अशी घरं त्यात बसू शकतात. व्हिसाबद्दल त्यात काही विचारत नाहीत, आणि माहिती गुप्त राहते. 'आपण काय गरीब आहोत का' असं मला गेल्या गणपतीत एका वहिनींनी विचारलं. वहिनी, फॉर्म फक्त या वर्षीचं उत्पन्न विचारतो, आणि त्यातून येणाऱ्या पैशात तुमच्या मुलीच्या वर्गाला वाचन शिकवणारं माणूस मिळतं.

राज्यभरची मोजणी ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी होते. फॉर्म त्याच्या आत ऑफिसात द्या, आणि साइट कौन्सिलची पुढची बैठक कधी आहे ते तिथेच विचारून या.